बोडक्या गाई

उन्हाळाभर आल्प्सच्या कुरणांवर चरून आलोइसच्या गाई गावात उतरल्या, तेव्हा रस्त्याकडेला कॅमेरे रोखून उभ्या असलेल्या पाहुण्यांचा विरसच झाला. एकीच्याही डोक्यावर फुलांचा मुकुट नव्हता.

"एवढ्या लांबून आलो ते काय असल्या बोडक्या गाई बघायला?" नोटबुर्गाकडे उतरलेली बाई फणकारली.

"उन्हाळ्यात घरातलं माणूस गेलं, की त्या वर्षी गाई सजवत नाहीत इथं."

"अगंबाई! कोण गेलं त्यांच्याकडचं?"

जुलैत नवरा गेला, तेव्हा नोटबुर्गानं दिराला, या आलोइसलाच, निरोप धाडला होता. 'मला तो वीस वर्षांपूर्वीच मेला,' असं उत्तर आलं होतं.

"भाऊ," नोटबुर्गा म्हणाली, आणि आत जाऊन तिनं एक ताट जास्तीचं मांडलं.