भोपळ्यातला अर्ज

पालीचा गेनू इंटर पास झाला आणि भोर संस्थानाची शिष्यवृत्ती मागायला निघाला. मिळाली तर बी.ए. व्हायचं, मग संस्थानाचीच चाकरी. जागा एक, मागणारे वीस; आज अर्जाची मुदत संपणार, कचेरी पलीकडच्या तीरावर आणि मधली नदी दुथडी भरलेली. गेनूनं अर्जाची सुरळी पोहायच्या वाळक्या भोपळ्यात सारली, तोंड मेणानं बुजवलं, भोपळा पोटाशी बांधला आणि उडी टाकली. कचेरीत पोचला तेव्हा पटक्यात दोन मासे तडफडत होते म्हणे. पण भोपळ्यात सुरळी उलगडली होती, काही केल्या बाहेर निघेना. “संस्थानानं अर्ज मागवलेत, भाजी नव्हे. फोड तो,” कारकून म्हणाला. गेनूनं भोपळा उंबऱ्यावर आपटला. अर्ज कोरडा ठणठणीत. कारकून हसला. “आता भोपळ्यावाचून घरी कसा जाशील, लेका?” “घरी कोण चाललंय, रावसाहेब? तुमी शिक्का मारा. मी हितनंच पुण्याला कॉलेजात जातो.”