बीसकट

सगळ्या ट्रेमधली रोपं करपली होती. पानांवर तपकिरी डाग, देठ काळे. पाहुणे ग्रीनहाऊसच्या दारातच थबकले. करपा न लागणारा टोमॅटो बघायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

दारावरच्या फलकावर संशोधक म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या लेकीचं नाव होतं. ती फलकाखाली रडकुंडीला येऊन उभी होती.

जनुकातला नेमका तुकडा कापून पहिलं झाड जिने तयार केलं, ती मागे पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. आपलं नाव उडवल्याचं तिला त्या फलकावरूनच कळलं होतं. फलक लागला तो पेरणीच्या आधीच. मग प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, पेरायला बी मागितलं, तिने निमूटपणे दिलं.

सर तिच्यापाशी आले. आवाज दाबून म्हणाले, "असं कसं झालं? पान तपासलं होतं आपण. बदल होता त्यात."

"पानात होता. पानातलं बीत उतरतंच असं नाही, सर. त्या झाडाची एक फांदी बदललेली होती, दुसरी नव्हती."

"मग मला कुठल्या फांदीचं दिलंस?"

"तुम्ही झाडाचं बी मागितलंत. फांदी विचारली नाहीत."

सरांच्या कपाळाची शीर तटतटली. मग त्यांनी स्वतःला सावरलं. "बरं. ही नुसती तुलनेसाठी लावलेली रोपं, असं सांगतो पाहुण्यांना. झाड तर वाळून गेलं. चांगल्या फांदीचं बी काढ."

"ती फळं खाल्ली आम्ही."

"काय?"

"मीठ लावून. नवऱ्याला दिली, सासूबाईंना दिली. गोड होती."

"बीसकट?"

"बीसकट."

शेवटची फोड तिच्या घशाखाली उतरत नव्हती. तरी तिने ती उतरवली होती.

सरांचा तोल गेला. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? उभा जन्म घातलास त्या झाडापायी! सगळं तुझ्या हातचं काम, आणि तूच..."

पुढचं त्यांनी गिळलं. पण आवाज दारापर्यंत पोचला होता. लेकीने मान खाली घातली. पाहुण्यांतल्या एका वयस्कर बाईंनी चष्मा पुसून फलक पुन्हा वाचला.

"कुणाच्या हातचं म्हणालात?" त्यांनी विचारलं.