न पटलेली किडनी

"शर्ट वर करा," डॉक्टर म्हणाले.

मुन्नालालने शर्ट वर केला आणि पोटाला करकचून बांधलेला दुपट्टा सोडला. उजव्या बाजूला, जुन्या टाक्यांच्या वणावर, नारळाएवढा फुगवटा होता. डॉक्टरांनी खोकायला सांगितलं. तो खोकला तसा फुगवटा आणखी पुढे आला.

शामकला नवऱ्याच्या पोटाकडे बघत राहिली. त्या फुगवट्याखालीच तिची किडनी होती. दोन वर्षांपूर्वी नागपूरला तिने ती त्याला दिली होती.

"बायकोची हाय ना जी," सासू रुख्माबाई स्टुलावरून म्हणाली. "याच्या अंगाले पटलीच नाही. मी तं पहिल्यापासून म्हणून राहिली."

हेच ती सगळ्या कामठा गावात सांगत फिरली होती. शामकला विहिरीवर गेली की बायका बोलायच्या थांबत.

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले. "किडनी एकदम बढिया चालू आहे. तिचा काही दोष नाही. टाक्यांच्या जागी पोटाची भिंत उसवलीय. हर्निया. किडनी टिकवायच्या या गोळ्यांवर जखम भरायला वेळ लागतो, म्हणून तर वजन उचलू नका म्हटलं होतं. काय उचललं?"

मुन्नालाल पंख्याकडे पाहू लागला.

"धानाचे पोते," शामकला म्हणाली. "बैलबंडीवर चढवले. टाके वाळलेबी नव्हते."

"मंग? माणूस किती दिवस खाटेवर बसून खाइन?" रुख्माबाई म्हणाली.

"हेच म्हणून तुमी त्यायले उठवलं. मी आडवी आली तं मलेच ढकललं."

"पाहा जी, कशी बोलते!"

शामकला नवऱ्याकडे वळली. "तुमी सांगा. पोते कोणं उचलाले लावले?"

मुन्नालालने दुपट्टा पुन्हा गुंडाळायला घेतला. "जाऊ दे ना," तो पुटपुटला. "झालं ते झालं."

शामकलाच्या कानशिलांची आग झाली. सासूचं ती ऐकून घेत आली होती. याच्या तोंडून मात्र तिला एकच वाक्य हवं होतं. तिने त्याच्या हातातला दुपट्टा हिसकला आणि फरशीवर फेकला.

"ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर घाईने म्हणाले. "आत जाळी लावू. किडनीला धक्का लागू देणार नाही."

"लावा जी जाळी. पण पोट उघडाल तवा यायले आत बोलवा." तिने सासूकडे हात केला. "पटली का नाही पटली, डोळ्यानं पाहू द्या एकदा."

रुख्माबाईने पदर तोंडाला लावला. मुन्नालालने ओशाळून फुगवट्यावर पंजा ठेवला.

"हात काढा," शामकला म्हणाली. "ती माही हाय."