हाडांचा विभाग रोज सुरू असतो

बांधकामाच्या परांचीवरून पडून तिचा पाय मोडला, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या विभागाला डॉक्टर नाही म्हणून कुलूप होतं. दुसऱ्या शहरात पोचेपर्यंत दोन दिवस गेले, हाड वाकडं जुळलं आणि हातातलं गवंडीकाम सुटलं. घरचे म्हणाले, "नशिबाचे भोग समज आणि गप्प बस." ती गप्प बसली नाही. तिने कोर्टात अर्ज केला आणि वकील नाही म्हणून स्वतःची बाजू स्वतःच मांडायला उभी राहिली.

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर शपथेवर म्हणाले, "हाडांचा विभाग रोज सुरू असतो. बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय."

"तुम्हाला यांना काही विचारायचंय?" न्यायाधीशांनी तिला विचारलं.

काठी टेकत ती पुढे झाली. "एकच विचारते. डॉक्टरसाहेब, तुमच्या डाव्या हाताला प्लास्टर आहे. मी गवंडी आहे, ताजं प्लास्टर मला लांबून कळतं. हे कुठे घालून घेतलंत?"

डॉक्टरांनी हात पाठीमागे नेला. "खासगी दवाखान्यात," ते कसेबसे पुटपुटले.

कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. "प्लास्टर कधी निघणार?" त्यांनी विचारलं.

"पाच आठवड्यांनी, साहेब."

न्यायाधीशांनी पेन उचललं.



"मग हाडांचा डॉक्टर आणायला तुम्हाला पाच आठवडे देतो. तुमचं प्लास्टर तुमच्याच दवाखान्यात काढून घ्यायचं, तेही रांगेत या बाईंच्या मागे उभं राहून."