तासाला पाचशे

"यात सगळ्यात हळू चालणारं कुठलं?" घरच्या घरी काडतुसं भरायची प्रेस-मशिनं बघत उल्हासकाकांनी विचारलं.

दुकानदार चक्रावला. "सर, हे मोठं घ्या. तासाला पाचशे काडतुसं. त्या साध्या मशीनवर एकेका काडतुसासाठी चार-चारदा हँडल ओढावं लागतं. पाचशे भरायची तर अख्खा रविवार जाईल."

अख्खा रविवार! काकांना आपल्या गॅरेजमध्ये कोवळं ऊन उतरलेलं दिसलं. उन्हात चमकणारी पितळी पुंगळ्यांची रांग, आणि गप्पांच्या नादात निवत चाललेले चहाचे दोन कप.

"साधंच द्या."

"नेमबाजी कधीपासून करता?"

"मी? मी बंदूक कधी हातातसुद्धा धरलेली नाही. मुलगी करते. तिच्या अपार्टमेंटमध्ये गनपावडर ठेवू देत नाहीत, म्हणून काडतुसं भरायला ती माझ्याकडे येणार आहे."