चार लिंबं

दसऱ्याच्या सकाळी आमच्या लॅबची बिनड्रायव्हरची गाडी पहिल्यांदाच बाग सेवनियाच्या रस्त्यावर निघणार होती. लॅबमध्ये वयानं सरांपेक्षाही मीच मोठी, म्हणून पूजा माझ्याकडे आली. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडी हलेना. मंदारच्या हातातल्या टॅबवर लाल अक्षरं आली : ‘चाकांखाली माणसं. चार.’

मंदार पोट धरून हसला. “रजनीताई, हिला निंबू दाखवायचंच राहून गेलं यार! ट्रेनिंगमध्ये नव्हतंच ते.”

“तिचं चुकलं कुठे?” मी म्हटलं. “लिंबू आपण माणसाच्या बदल्यातच तर देतो. आज तू हातानं चालवून ती चिरड, मग सोड तिला.”

“हातानंच चालवायची होती तर पाच वर्षं कशाला घासली?” असं म्हणत त्यानं वाकून चारही लिंबं उचलली आणि नालीत भिरकावली. टॅबवर हिरवी अक्षरं आली : ‘रस्ता मोकळा.’

टॅब माझ्याकडे देऊन मंदार आत बसला. तन्वी, कौस्तुभ आणि आमचे सर आधीच बसले होते. काचा वर झाल्या. गाडी फाटकापर्यंत अगदी अलगद गेली, आणि माझ्या हातात परत लाल अक्षरं उमटली : ‘चाकांखाली माणसं. चार.’

मी ओरडत फाटकाकडे धावले.

या वेळी गाडी थांबली नाही.