चार भिंतींआडचा टाहो

"टाहो ऐकलास की नाही, तेवढं सांग," न्यायाधीश म्हणाले.

ऑस्बर्टचा हात बायबलवर होता. हार्कवेलच्या गढीचा तो जुना कारभारी. सगळी जहागीर आता त्याच्या एका शब्दावर येऊन ठेपली होती.

जहागीर सिबिलबाईंची, बापाकडून आलेली. त्या बाळंतपणात गेल्या. रिवाज असा, की बाळाचा टाहो चार भिंतींआड ऐकू आला असेल, तर बाळ पुढे घटकाभरच जगलं तरी जहागीर आणि किताब हयातभर नवऱ्याकडे. टाहो नसेल, तर सगळं बाईंच्या सख्ख्या काकांना, फल्कसाहेबांना. बायकांची साक्ष चालत नसे. दाराबाहेर त्या पहाटे दोघेच पुरुष होते: सिबिलबाईंचा नवरा हेमो आणि ऑस्बर्ट.

टाहो ऑस्बर्टने ऐकला होता. चांगला खणखणीत. पण सूर्य वर येईपर्यंत हेमोने चिमुकल्या पेटीला स्वतःच खिळे ठोकले होते, आणि सुईण गनिल्ड बोचकं उराशी धरून नदीपार आपल्या घरी निघून गेली होती.

आज सकाळी तबेल्यात हेमो म्हणाला, "तू काही ऐकलं नाहीस."

"ऐकलं, धनी. बायबलवर हात ठेवून खोटं बोलू? मेल्यावर कुठे जाऊ मी?"

"माझ्यासाठी नको बोलूस. सिबिलसाठी बोल."

दुःखाने धन्याचं डोकं फिरलंय, असंच ऑस्बर्टला वाटलं.

साक्षीआधी वंशावळ वाचून झाली होती. थोरले बॅरन ॲलन. त्यांचा रॉजर, नवव्या वर्षी खंदकात बुडाला. मॉड, जिन्यावरून पडली. फिलिपच्या पानात विषारी अळंबी आली. उरली एकटी सिबिल, ती लहानपणापासून लग्नापर्यंत मठात होती.

"काय हे घराण्याचं नशीब!" न्यायाधीशांनी सुस्कारा सोडला.

"बाप गेल्यावर माझ्याच हाताखाली वाढली हो ती तिघं," म्हणत फल्कने डोळे टिपले.

हेमोची साक्ष आधीच झाली होती: बाळ मेलेलंच जन्मलं. आता तो ऑस्बर्टकडे एकटक बघत होता.

"नाही ऐकला," ऑस्बर्ट म्हणाला. "वाऱ्याचा आवाज होता तो."

दुपारी हेमो गढीबाहेर पडला. एक घोडा, जुनी तलवार आणि दाव्याला एक दुभती शेळी. त्याने मागून घेतलं ते एवढंच.

"किताब गेला, शेळी मिळाली!" फल्क दरवाजातून ओरडला. "आता काय लावणार जावईबापू नावापुढे? शेळीचे बॅरन?"

पहारेकरी खो खो हसले. हेमोने मान लववली आणि तो वाटेला लागला.

मागोमाग निघालेल्या ऑस्बर्टने नदी ओलांडेपर्यंत कसाबसा दम धरला. सुईणीच्या खोपटाशी हेमो घोड्यावरून उतरला, तेव्हा मात्र ऑस्बर्टचा बांध फुटला.

"बोला की, धनी! एका शब्दावर गढी तुमची होती. तो मी गिळला, माझा परलोक घालवला. त्या कसायाच्या हाती आयतं घराणं दिलंत! कशासाठी? सांगा ना, कशासाठी?"

खोपटाचं दार किलकिलं झालं. गनिल्ड ओठांवर बोट ठेवून बाहेर डोकावली.

"हळू बोला हो, कारभारी. आत्ता कुठे डोळा लागलाय पोरीचा."